ऑक्सिजन नसलेल्या हजार खाटा

नगर-कल्याण महामार्गावर पारनेर तालुक्यातलं भाळवणी लागतं. एप्रिल २०२१ मध्ये, कोरोनाची दुसरी लाट ऐन भरात असताना, इथल्या मंगल कार्यालयात लग्नाच्या पंगतींऐवजी १,१०० खाटा मांडल्या गेल्या. तेव्हाचे आमदार नीलेश लंके यांच्या पुढाकारानं आणि लोकवर्गणीतून उभं राहिलेलं हे ‘शरदचंद्र पवार आरोग्य मंदिर’. लंके स्वतः तिथेच मुक्काम ठोकून होते. दुष्काळी तालुक्यातल्या एका गावात एवढं मोठं कोविड सेंटर, हेच नवल. पण त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट म्हणजे या खाटांपैकी फक्त १०० खाटांना ऑक्सिजन होता. मग उरलेल्या हजार कशासाठी?

बहुतेक कोविड रुग्णांना ऑक्सिजन लागतच नाही. त्यांना लागते विश्रांती, वेळेवर जेवण, घरच्यांपासून वेगळी जागा आणि लक्ष ठेवणारं कुणीतरी. दोन खोल्यांच्या घरात आजी-आजोबांपासून लांब राहायचं तरी कुठे? म्हणूनच केंद्र सरकारनं एप्रिल २०२० मध्ये उपचारांच्या तीन पायऱ्या ठरवल्या होत्या: सौम्य लक्षणांसाठी केअर सेंटर, मध्यम आजारासाठी आरोग्य केंद्र, गंभीर रुग्णांसाठी रुग्णालय. खालची पायरी भक्कम असेल, तरच जिल्ह्याच्या ठिकाणची आयसीयूची खाट खऱ्या गरजवंताला मिळते.

कोणाला वर पाठवायचं, हे सांगत होता बोटाला लावायचा चिमुकला ऑक्सिमीटर. तो बोटातून लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश सोडतो. ऑक्सिजन घेतलेलं रक्त अवरक्त प्रकाश जास्त शोषतं, ऑक्सिजन सोडलेलं रक्त लाल प्रकाश जास्त शोषतं. पण मध्ये कातडी आहे, मांस आहे, हाड आहे, त्यांचं काय? जपानच्या ताकुओ आओयागी यांना १९७० च्या दशकात युक्ती सुचली: नाडीच्या ठोक्यागणिक कमी-जास्त होणारा प्रकाश तेवढा मोजायचा. बाकीचं सगळं स्थिर असतं, ते हिशेबातून आपोआप वगळलं जातं. आओयागी १८ एप्रिल २०२० रोजी गेले, अवघं जग त्यांच्या शोधाकडे डोळे लावून बसलं होतं तेव्हाच.

या यंत्राची एवढी गरज का पडली? कारण दम लागल्याची जाणीव आपल्याला मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे होते, ऑक्सिजन घटल्यामुळे फारशी नाही. कोविडमध्ये ऑक्सिजन घसरत असतानाही माणूस मजेत गप्पा मारू शकतो. म्हणून सहा मिनिटं चालायला लावून आकडा पुन्हा बघायचा. तो तीन टक्क्यांहून अधिक खाली आला, तर डॉक्टरांना गाठायचं.

आता ऑक्सिजनचा हिशेब बघा. एका जम्बो सिलिंडरमध्ये साधारण ७,००० लिटर वायू मावतो. मिनिटाला ५ लिटर दिला, तर तो जेमतेम एक दिवस पुरतो. म्हणजे शंभर खाटांना रोज शंभरेक सिलिंडर! अशा वेळी आजार लवकर ओळखून ऑक्सिजनची गरजच पडू न देणं, ही केवढी मोठी बचत.

नगर जिल्ह्यातल्याच हिवरे बाजारनं ही बचत गावपातळीवर करून दाखवली. गावाचे नेते पोपटराव पवार यांच्या पुढाकारानं पथकं घरोघर फिरली, ताप आणि ऑक्सिजन तपासला, लक्षणं दिसताच माणसाला वेगळं ठेवलं. मे २०२१ मध्ये गाव कोरोनामुक्त झालं.

मंगल कार्यालय प्रत्येक तालुक्यात आहे, शाळा गावोगाव आहे. साथ येण्याआधीच कुठे खाटा मांडायच्या, घरोघर कोण फिरणार आणि रुग्णाला वर कधी पाठवायचं, एवढं गावानं ठरवून ठेवलं, तर मोठ्या रुग्णालयांवरचा भार गावातच हलका होतो.