स्थिर व विकास आवृत्ती (साठवण सॉफ्टवेअर)

चाचण्या पूर्ण करून सर्वसाधारण वापरासाठी प्रसृत केलेल्या सॉफ्टवेअरला स्थिर आवृत्ती म्हणतात. जिच्यात नवी वैशिष्ट्ये अद्याप घडत असतात, ती विकास आवृत्ती होय. सर्व्हरवरील माहिती सांभाळणाऱ्या फाइल प्रणालींच्या बाबतीत ही निवड विशेष जोखमीची असते. इतर सॉफ्टवेअर बिघडल्यास बहुधा जुनी आवृत्ती पुन्हा बसवून भागते. फाइल प्रणालीने डिस्कवर चुकीचे लिहिलेले मात्र आवृत्ती बदलल्याने दुरुस्त होत नाही.

लिनक्स कर्नलमध्ये पूर्वी हा भेद क्रमांकावरूनच कळत असे. दुसरा अंक सम असल्यास (२.४) शाखा स्थिर, विषम असल्यास (२.५) विकासाची. २.६ शाखेच्या काळात ही पद्धत मागे पडली. स्थिर शाखाही निर्दोष नव्हती: नोव्हेंबर २००१ मधील २.४.१५ या आवृत्तीत अनमाउंट करताना फाइल प्रणाली खराब होऊ शके, त्यामुळे काही दिवसांतच २.४.१६ काढावी लागली.

== ओपनझेडएफएसचे उदाहरण ==

ऑक्टोबर २०२३ मध्ये ओपनझेडएफएस २.२.० ही स्थिर आवृत्ती आली. पुढच्याच महिन्यात काही फाइलींच्या प्रतींमध्ये मूळ मजकुराच्या जागी शून्ये आढळली. प्रथम संशय नव्या ब्लॉक क्लोनिंग सुविधेवर गेला व २.२.१ मध्ये ती बंद ठेवण्यात आली. प्रत्यक्षात दोष कित्येक वर्षे जुना होता. नुकत्याच लिहिलेल्या फाइलीची लगेच प्रत काढताना तो क्वचित प्रकट होई. ती शून्ये रीतसर लिहिली गेल्याने चेकसमही जुळत असे, आणि म्हणूनच दोष इतका काळ लपून राहिला. दुरुस्ती २.२.२ सोबत जुन्या शाखेच्या २.१.१४ मध्येही करावी लागली.

== परतीचा मार्ग ==

सॉफ्टवेअर अद्ययावत करणे आणि डिस्कवरील मांडणी बदलणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. झेडएफएसमध्ये दुसरी पायरी ‘झेडपूल अपग्रेड’ या आज्ञेने घडते व ती उलटवता येत नाही. काही नवी वैशिष्ट्ये वापरात आल्यावर जुन्या आवृत्तीला तो डिस्कसंच केवळ वाचता येतो, काहींमुळे उघडताही येत नाही. त्यामुळे अनुभवी प्रशासक नवी आवृत्ती बसवूनही काही आठवडे हे अपग्रेड टाळतात आणि प्रतिलिपी स्वतंत्र यंत्रावर ठेवतात.

विकास आवृत्तीकडे वळण्याचे कारण अनेकदा हौस नसून अडचण असते: ओपनझेडएफएसची प्रत्येक आवृत्ती ठरावीक लिनक्स कर्नलपर्यंतच चालते, आणि नवे हार्डवेअर कधीकधी त्यापुढील कर्नल मागते.