तागडी आणि तलवार : जेराल्ड आंजियर

धरणगावचा बाजार आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांनी पाहिला असेल, परंतु इ. स. १६७४ मध्ये इंग्रजांनी तेथे वखार घातली होती, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असेल. त्या वेळी सुरतेच्या कोठीचा अध्यक्ष जेराल्ड आंजियर हा होता. तो पेशाने व्यापारी. तथापि प्रसंग पडताच त्याने सेनापतीचेही काम केले.

इंग्लंडच्या राजास पोर्तुगिजांकडून आंदण मिळालेले मुंबई बेट इ. स. १६६८ मध्ये वार्षिक १० पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीकडे आले. पुढील वर्षी आंजियर त्याचा गव्हर्नर झाला. बेटावर जमिनींच्या मालकीचे तंटे माजले होते. इ. स. १६७२ मध्ये त्याने जमीनदारांशी करार केला व वर्षास २०,००० शेराफीन घेऊन जमिनी त्यांच्याकडे कायम केल्या. त्याच वर्षी न्यायकचेरी उघडली. रहिवाशांची शिबंदी उभारली आणि तटबंदीही बळकट केली.

ह्या तयारीची कसोटी लवकरच लागली. फेब्रुवारी १६७३ मध्ये डच सेनापती व्हान गोएन्स मोठे आरमार घेऊन मुंबईवर चालून आला. परंतु बेट सावध आहे असे पाहून हल्ला न करताच परतला. ज्याचे घर व शेत निर्वेध असते, तोच ते राखण्यास मनापासून उभा राहतो, असे आम्हांस वाटते.

इ. स. १६७४ मध्ये आंजियरचा वकील हेन्री ऑक्झेंडन रायगडी शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकास हजर होता, व तेथे तहही झाला. तरीही पुढल्याच वर्षी मराठी फौजेने धरणगावची वखार लुटली. मुंबईच्या तटाचा आधार खानदेशातील वखारीस कोठून असणार? आंजियर इ. स. १६७७ मध्ये सुरतेस वारला.

येथेच थांबलो तर आम्ही अर्धेच सत्य सांगितले असे होईल. मालाच्या रक्षणार्थ व्यापाऱ्याने उचललेली तलवार पुन्हा म्यानात गेली नाही. इ. स. १८१८ मध्ये त्याच कंपनीने आमचा खानदेश घेतला. म्हणून आंजियरची दूरदृष्टी व न्यायबुद्धी विद्यार्थ्यांनी अवश्य घ्यावी. परंतु रक्षणासाठी मिळवलेले बळ सत्तेच्या लोभाकडे कधी वळते, ह्यावर बारीक नजर ठेवण्यासही शिकावे.