काठीच्या सावलीनें पृथ्वीचें मोजमाप

खगोलशास्त्र म्हटलें कीं, मोठमोठ्या दुर्बिणी, डोंगरमाथ्यावरील वेधशाळा व अंतराळांत भ्रमण करणारीं यानें हींच आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. ज्या शाळेपाशीं यांपैकीं कांहींच नाहीं, तेथील विद्यार्थ्यांनीं पुस्तकांतील आंकडे पाठ करावे, यापलीकडे त्यांस गत्यंतर नाहीं, असा पुष्कळांचा समज असतो. परंतु तो खरा नव्हे. शाळेचें अंगण, एक मीटर लांबीची सरळ काठी, पुठ्ठ्याचा तुकडा व थोडी चिकाटी एवढ्या सामग्रीवर सूर्याचा व्यास व पृथ्वीचा परीघ काढतां येतो.

आरंभींच एक गोष्ट बजावून सांगणें अवश्य आहे. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनीं अथवा दुर्बिणींतून कधींहि पाहूं नये. नेत्राचा आंतील पडदा भाजून निघतो, आणि त्या वेळीं वेदनाहि होत नाहींत. पुढील दोन्ही प्रयोग सूर्याकडे पाठ करूनच करावयाचे आहेत.

पहिला प्रयोग सूर्याच्या व्यासाचा. पुठ्ठ्यास सुमारें १ मिलिमीटर रुंदीचें भोंक पाडून तो उन्हांत धरावा, व त्यांतून येणारा प्रकाश २ मीटर अंतरावर सावलींत ठेवलेल्या पांढऱ्या कागदावर घ्यावा. भोंक वेडेंवांकडें असलें तरी कागदावर वर्तुळच उमटतें. कारण तें चित्र भोंकाचें नसून सूर्याचें असतें. झाडाखालीं पडणारे कवडसे वाटोळे दिसतात, त्याचेंहि कारण हेंच. या वर्तुळाचा व्यास १८ ते १९ मिलिमीटर भरतो. म्हणजे तो अंतराच्या सुमारें १०८ व्या भागाइतका असतो. समरूप त्रिकोणांच्या नियमानें सूर्याचा व्यासहि त्याच्या अंतराच्या १०८ वा भाग असला पाहिजे. सूर्य आपल्यापासून सुमारें १५ कोटि किलोमीटर दूर आहे. यावरून त्याचा व्यास सुमारें १३ लक्ष ९० हजार किलोमीटर येतो.

दुसरा प्रयोग पृथ्वीच्या परिघाचा. जमिनींत उभ्या रोवलेल्या काठीस आपले प्राचीन ज्योतिषी शंकु म्हणत. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकांत अलेक्झांड्रिया येथील एराटोस्थेनीस यानें अशाच सावलीवरून पृथ्वीचा परीघ काढला. कर्कसंक्रमणाच्या दिवशीं मध्यान्हीं सायीनी या गांवीं सूर्य डोक्यावर येई. त्याच वेळीं अलेक्झांड्रियेस तो वर्तुळाच्या ५० व्या भागाइतका कललेला असे. तेव्हां पृथ्वीचा परीघ त्या दोन गांवांमधील अंतराच्या ५० पट ठरला.

कोल्हापूर व नाशिक हीं शहरें जवळजवळ एकाच रेखावृत्तावर आहेत. तेथील दोन शाळांनीं मार्चच्या २० किंवा २१ तारखेस हा प्रयोग ठरवून करावा. घड्याळांतील बारा हा खरा मध्यान्ह नव्हे. भारतीय प्रमाणवेळ ८२½ अंश रेखावृत्ताची असल्यामुळें या शहरीं त्या दिवशीं मध्यान्ह १२ वाजून ४० मिनिटांच्या सुमारास होतो. म्हणून सव्वाबारापासून एकपर्यंत दर तीन मिनिटांनीं सावलीच्या टोकाशीं खूण करावी व सर्वांत आंखूड सावली मोजावी. १ मीटर काठीची सावली कोल्हापुरास सुमारें ३० व नाशकास सुमारें ३६½ सेंटिमीटर भरेल. प्रमाणांत त्रिकोण काढून कोन मोजले असतां ते अनुक्रमें १६.७ व २० अंश येतात. अंतर ३.३ अंशांचें, आणि ३६० अंशांत ३.३ अंश १०९ वेळां जातात. नकाशावर या शहरांमधील सरळ अंतर सुमारें ३६८ किलोमीटर आहे. गुणाकार सुमारें ४०,००० किलोमीटर येतो, आणि पृथ्वीचा परीघहि तितकाच आहे.

येथें सावधगिरी हवी. एका सावलींत अर्ध्या सेंटिमीटरची चूक झाली, तरी उत्तर तीन हजार किलोमीटरांहून अधिक चुकतें. आणि सावलीचें टोक तर नेहमींच अंधुक असतें. म्हणून काठीच्या माथ्यावर भोंक पाडलेला पुठ्ठा आडवा बसवावा, व जमिनीवर पडणाऱ्या सूर्यबिंबाच्या मध्यावर खूण करावी. इटलींत बोलोन्या येथील सान पेट्रोनियो या चर्चमध्यें कॅसिनी यानें १६५५ सालीं छतास असेंच भोंक ठेवून फरशीवर सूर्यबिंबाचे वेध घेतले होते.

शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची. उत्तर ४०,००० आहे हें आधींच ठाऊक असल्यामुळें खूण किंचित् सरकविण्याचा मोह होईल. तो आवरावा. जें दिसलें तेंच वहींत लिहावें, चुकीचें कारण शोधावें व दुसऱ्या दिवशीं पुन्हां मोजावें. उसनें घेतलेल्या अचूक उत्तरापेक्षां स्वतः प्रामाणिकपणें काढलेलें ३८,००० हें उत्तर अधिक मोलाचें आहे. कारण परमेश्वराच्या या विशाल सृष्टीचें माप घेणाऱ्याच्या अंगीं प्रथम सत्यनिष्ठा असावी लागते.