जलशीतित संगणकासाठी प्रोसेसरची निवड

प्रोसेसर त्याच्या निर्मात्याने नेमून दिलेल्या वेगापेक्षा अधिक वेगाने चालविणे यास ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. दीर्घ गणिते करणाऱ्या विद्यार्थ्यास याचा मोह पडणे स्वाभाविक आहे. आणि नाशिकसारख्या, एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या आसपास जाणाऱ्या शहरी, यंत्र पाण्याने थंड करावे हा विचारही त्यापाठोपाठ येतोच. मात्र अशा खरेदीत रेडिएटर केवढा, पंप किती जोराचा याचीच चर्चा फार होते, आणि प्रोसेसर किंमत व कागदावरील गिगाहर्ट्झ पाहून उचलला जातो. प्रस्तुत लेखकाच्या मते हा क्रम उलटा आहे.

प्रोसेसरमध्ये खर्च होणारी शक्ती स्थूलमानाने वारंवारता आणि व्होल्टतेचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. वारंवारता एका मर्यादेपलीकडे न्यावयाची तर व्होल्टताही वाढवावी लागते. दोन्ही शेकडा १० वाढविल्या, तर शक्ती १.१ च्या घनाइतकी, म्हणजे १.३३ पट होते. शेकडा १० वेगासाठी शेकडा ३३ अधिक उष्णता, असा हा व्यवहार आहे.

ही उष्णता पाण्यास वाहून नेता येईल काय? सहज येईल. प्रोसेसर २५० वॅट उष्णता देत आहे आणि मिनिटाला ४ लिटर पाणी फिरत आहे असे धरले, तर एका फेरीत पाण्याचे तापमान १ अंशानेही वाढत नाही. पुढे रेडिएटरमध्ये हे पाणी आपली उष्णता खोलीतील हवेस देते; त्यामुळे ते त्या हवेपेक्षा थंड कधीच होऊ शकत नाही. निफाडकडे जानेवारीच्या पहाटे पारा १० अंशांखाली उतरतो. त्या पहाटे स्थिर वाटलेली मांडणी मे महिन्याच्या दुपारी कोसळली, तर त्यात नवल नाही. कारण हवेतील ३० अंशांचा फरक जवळजवळ जसाच्या तसा प्रोसेसरपर्यंत पोहोचतो.

खरी अडचण पाण्याच्या अलीकडे, प्रोसेसरच्याच पोटात आहे. घरातील १००० वॅटच्या इस्त्रीचा तळ सुमारे २०० चौरस सेंटिमीटर धरला, तर दर चौरस सेंटिमीटरला ५ वॅट उष्णता बाहेर पडते. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतील (२०२२) आठ गाभ्यांची सिलिकॉन चकती सुमारे ७० चौरस मिलिमीटरची आहे. तिच्यातून १२० वॅट काढावयाचे म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १७० वॅट होतात. इंटेलच्या २०१८ मधील आठ गाभ्यांच्या ९९००के या प्रोसेसरची चकती सुमारे १८० चौरस मिलिमीटरची होती. तेवढीच शक्ती तेथे ६७ वॅटवर येते. चकतीवरचे झाकण तांब्याचे असते, आणि नाशिकच्या भांडी बाजारात तांब्याचे उष्णतावहन कोणास समजावून सांगावयास नको. परंतु चकती आणि झाकण यांच्यामध्ये काय भरले आहे, हे तितकेच महत्त्वाचे असते. इंटेलच्या सँडी ब्रिज पिढीत (२०११) तेथे धातूचा डाख होता. आयव्ही ब्रिज पिढीत (२०१२) त्याऐवजी लेप आला, आणि तापमान एवढे चढू लागले की हौशी लोक झाकण उचकटून तो लेप बदलू लागले. वरच्या प्रतीच्या प्रोसेसरांत डाख परत आला तो २०१८ मध्ये.

उष्णतेची वाट किती निर्णायक असते, याचे उत्तम उदाहरण एएमडीनेच पुरविले आहे. २०२२ च्या ५८००एक्स३डी या प्रोसेसरमध्ये जादा स्मृतीचा थर गाभ्यांच्या चकतीवर रचलेला होता, आणि त्याचा गुणक कुलूपबंद ठेवलेला होता. २०२४ च्या ९८००एक्स३डी मध्ये तोच थर गाभ्यांच्या खाली गेला, उष्णतेची वाट मोकळी झाली, आणि गुणकही खुला झाला. निवड करताना असे तपशील गिगाहर्ट्झच्या आकड्याआधी पाहावयाचे. कुलपाचेही तसेच आहे: इंटेलच्या बाबतीत सर्वसाधारणपणे नावाअखेर 'के' हे अक्षर आणि 'झेड' मालिकेचा मदरबोर्ड, हे दोन्ही असल्याखेरीज गुणक बदलता येत नाही.

आता लाभ किती? १९९८ मध्ये सेलेरॉन ३००ए हा ३०० मेगाहर्ट्झचा स्वस्त प्रोसेसर, बसची गती ६६ वरून १०० वर नेताच, पुष्कळदा ४५० वर सुखाने चाले. ते दिवस गेले. आजचे प्रोसेसर तापमान व शक्ती पाहून स्वतःच आपला वेग वाढवितात. राखीव अंतर कारखान्यातच खर्च झालेले असते. एकाच नावाचे दोन नग सारखे नसतात हे जाणून, चांगले नग पारखून विकणारी सिलिकॉन लॉटरी ही अमेरिकन संस्था २०२१ मध्ये बंद झाली. वेग वाढविण्यास उरलेला वाव कमी होत गेला, हेच त्याचे कारण होते. वर उल्लेखिलेला ९९००के ओव्हरक्लॉकिंगला सोयीचा खरा, पण नव्या पिढीचा प्रोसेसर नेमल्या वेगानेही त्याच्या पुढे जातो, हे विसरता कामा नये.

शिवाय व्होल्टतेची किंमत कालांतराने मोजावी लागते. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील अनेक प्रोसेसर, मालकाने काहीही न वाढविता, अस्थिर होऊ लागले. अवाजवी व्होल्टतेमुळे झीज होते असे २०२४ मध्ये निष्पन्न झाले, आणि कंपनीने सूक्ष्मसंहिता बदलून हमीची मुदत दोन वर्षांनी वाढविली. म्हणूनच जलशीतित यंत्रातही व्होल्टता थोडी उतरवून पाहणे लेखकास अधिक पसंत आहे. त्याने स्वयंचलित वेग बहुधा अधिक काळ टिकतो. पुण्याच्या आयसरमधील परम ब्रह्म (२०१९) या महासंगणकातही द्रवशीतन आहे, परंतु ते विजेची बचत व्हावी म्हणून.

संशोधकास यंत्र बंद पडण्यापेक्षा चुकीचे उत्तर मुकाट्याने मिळण्याचे भय अधिक असावे. प्राइम९५ या आज्ञावलीची कसोटी याकरिताच उपयोगी पडते: मर्सेन मूळ संख्यांच्या शोधातून आलेली ही आज्ञावली, उत्तर आधीच ठाऊक असलेली गणिते करवून घेते आणि एक जरी चूक आढळली तरी थांबते. ही कसोटी मे महिन्यात, दुपारी, खिडक्या बंद ठेवून, निदान एक रात्र उलटेपर्यंत चालवावी. आणि प्रबंधात जावयाचे गणित नेमल्या वेगाने पुन्हा एकदा करून दोन्ही उत्तरे ताडून पाहावीत.