बाराशे मुलं आणि एक मोकळा तास

2018 च्या जानेवारीत अमेरिकेतल्या येल विद्यापीठात एका विषयाला इतकी मुलं आली, की वर्गखोली पुरेना. अखेर वर्ग भरला वूल्सी हॉलमध्ये, एरवी वाद्यवृंदाच्या मैफली होतात त्या सभागृहात. विषय होता मानसशास्त्र आणि चांगलं जगणं. सुमारे 1200 जणांनी तो घेतला, म्हणजे पदवीच्या दर चार विद्यार्थ्यांमागे जवळजवळ एकाने! तीनशे वर्षांहून जुन्या या विद्यापीठात एवढी गर्दी कुठल्याच विषयाने पाहिली नव्हती.

प्राध्यापिका लॉरी सँटोस विद्यार्थ्यांच्या निवासी महाविद्यालयाच्या प्रमुख झाल्या, त्यांच्यातच राहू लागल्या, आणि या हुशार मुलांची चिंता, एकटेपणा, अपुरी झोप त्यांना रोज दिसू लागली. त्यातून हा अभ्यासक्रम उभा राहिला.

त्यातला गाभ्याचा शोध मला अजूनही थक्क करतो: आपण कशाने सुखी होऊ, याचा आपल्याच मनाचा अंदाज चुकतो. हवे ते गुण मिळाले, की मन चार दिवसांत त्यांना सरावतं आणि शेजारच्याचे गुण बघू लागतं. 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधल्या विजेत्यांचे चेहरे संशोधकांनी चित्रफितींतून तपासले, तर रौप्यपदकवाल्यांपेक्षा कांस्यपदकवालेच जास्त खूश! एकाच्या डोळ्यांपुढे हुकलेलं सुवर्ण होतं; दुसऱ्याच्या डोळ्यांपुढे, थोडक्यात टळलेले रिकामे हात.

पण एवढं कळून भागत नाही. म्हणून गृहपाठ होता: पुरेशी झोप, व्यायाम, ध्यान, कुणाचे तरी मनापासून आभार. इंग्लंडच्या ब्रिस्टल विद्यापीठातही 2018 पासून असाच अभ्यासक्रम आहे, परीक्षेविना. तिथल्या पाहणीत मुलांच्या मनःस्वास्थ्यात आधी 10 ते 15 टक्के सुधारणा दिसली; दोन वर्षांनी मात्र ती सवयी चालू ठेवणाऱ्यांपाशीच उरली होती. गळ्यासारखा मनालाही रियाज सोडलेला कळतो. (खोल नैराश्यातल्या मुलाला अर्थातच समुपदेशक आणि डॉक्टर हवेत, हा वर्ग त्यांच्या जागी नाही.)

येलमध्ये एके दिवशी मुलं तासाला आली, तर सँटोस यांनी तास रद्द केलेला. ‘वेळेची श्रीमंती’ हा त्या दिवसाचा धडा. अट एकच, या वेळात अभ्यास करायचा नाही. कुणी बाईंना मिठी मारली. कुणाला तर रडू कोसळलं.