चाक तापते तेव्हा

रायपूरजवळच्या बीरगांवला लागूनच उरला औद्योगिक क्षेत्र आहे. पोलादाचे कारखाने व अवजड वाहतूक यांमुळे येथील मोटारींच्या वाट्याला धूळ अधिक. पावसाळ्यात हीच धूळ चिखल होऊन डिस्क ब्रेकच्या कॅलिपरवर साचते. गाइड पिनवरील रबरी आवरण फाटलेले असल्यास पिन गंजते, कॅलिपर अडकतो आणि पॅडल सोडल्यावरही ब्रेक पॅड डिस्कला घासत राहतो. गाडी एका बाजूला ओढणे, एकच चाक तापणे, जळका वास येणे ही त्याची लक्षणे होत.

दुरुस्तीपूर्वी चाक आपोआप निवू द्यावे; तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नये. गाडी केवळ जॅकवर न ठेवता भक्कम स्टँडवर टेकवावी. सोडवलेला कॅलिपर ब्रेकच्या नळीवर लोंबकळू न देता तारेने बांधावा. पिन स्वच्छ करून ब्रेकसाठीचे सिलिकॉन ग्रीसच लावावे. साध्या ग्रीसने रबर फुगते. जोडणीनंतर पॅडल घट्ट लागेपर्यंत दाबावे, मगच गाडी हलवावी.

पिन मोकळी असूनही चाक अडत असेल, तर दोष पिस्टनमध्ये किंवा नळीत असू शकतो. तेथे मात्र हौस आवरून कुशल मेकॅनिककडेच जावे. मजुरीत वाचलेल्या चार पैशांपेक्षा हवी तेव्हा थांबणारी गाडी अधिक मोलाची!