जागेंत पैसा घालण्यापूर्वीं

निवृत्तीच्या वेळीं एकरकमी पैसा हातीं आला, कीं मध्यम स्थितींतील गृहस्थास पहिला विचार सुचतो तो ‘एखादी जागा घेऊन ठेवावी’ हा. विचार वाईट नाहीं. परंतु सोनें कसोटीवर घासून पारखतां येतें; जागा कागदांवरूनच पारखावी लागते, हें नवख्या मनुष्याच्या ध्यानांत येत नाहीं.

आमच्या परिचयाच्या एका निवृत्त शिक्षकांनीं नाशिक शहराच्या कडेला दोन गुंठे जागा घेतली. व्यवहार झाला शंभर रुपयांच्या मुद्रांकावर, नोटरीच्या शिक्क्यानें. मुद्रांक छापणारी सिक्युरिटी प्रेस आपल्या नाशिकरोडचीच. तेव्हां त्या कागदावर त्यांचा मोठा विश्वास! पुढें सातबारा पाहिला, तों विकणाराच्या नांवाबरोबर त्याच्या बहिणींचींही नांवें निघालीं. शिवाय शेतजमिनीचा एवढासा तुकडा १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळें यांच्या नांवें चढेना. कुंपण यांचें, जमीन मात्र दुसऱ्यांची, अशी स्थिति झाली.

म्हणून पहिला नियम हा, कीं आधीं कागद पाहावे आणि मग जागा. शंभर रुपये वा अधिक किंमतीच्या स्थावराची विक्री दुय्यम निबंधकाकडे नोंदलेल्या खरेदीखतावांचून पुरी होत नाहीं. नोटरीचा शिक्का मालकी देत नाहीं. सातबारा हाही मालकीचा अखेरचा पुरावा नव्हे. त्यावरील प्रत्येक नांव कोणत्या फेरफारानें आलें, तें पाहावें. ‘भोगवटादार वर्ग २’ असा शेरा असेल, तर सरकारी परवानगीवांचून पुढें जाऊं नये. शेतकरी नसलेल्यास शेतजमीन सामान्यतः घेतां येत नाहीं. म्हणून बिनशेतीचा हुकूम व मंजूर नकाशा मागावा. गांवठाणांत मिळकत पत्रिका पाहावी. आणि मागील तीस वर्षांच्या नोंदींचा शोध आपल्या वकिलाकडून घ्यावा, विकणाराच्या वकिलाकडून नव्हे.

दुसरी गोष्ट पाण्याची. २००८ च्या सप्टेंबरांत आणि २०१६ च्या ऑगस्टांत गोदावरीनें काय केलें, तें नाशिककर विसरले नाहींत. दुतोंड्या मारुतीच्या कितव्या अंगापर्यंत पाणी चढलें, यावरून आपण पूर मोजतों. जागा घेतांना मात्र पूररेषेचा नकाशा पाहण्याचा कंटाळा करतों. निळ्या रेषेच्या आंत नवें बांधकाम सामान्यतः होत नाहीं. निळ्या व तांबड्या रेषांमध्यें अटी असतात. नदीकांठची स्वस्त जागा कां स्वस्त आहे, याचें उत्तर बहुधा तेथेंच सांपडतें.

बांधकाम चालू असलेल्या इमारतींत सदनिका घेणारांस २०१६ च्या रेरा कायद्याचा आधार आहे. पांचशें चौरस मीटरांहून मोठ्या जागेवरील आणि आठांहून अधिक सदनिकांच्या योजनेस महारेराचा क्रमांक लागतो. तो पाहावा. करार नोंदल्याखेरीज किंमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम देऊं नये. ती मागण्याचा बांधणारास अधिकारच नाहीं. भाव चटई क्षेत्रावर ठरवावा.

आतां उत्पन्नाचा हिशेब. समजा, पन्नास लाखांची सदनिका महिना बारा हजारांनीं भाड्यानें दिली. वर्षांतून एक महिना ती रिकामी राहिली, तर हातीं येतात एक लाख बत्तीस हजार. घरपट्टी, देखभाल व दुरुस्ती यांचे सत्तावीस हजार वजा केले, कीं उरतात एक लाख पांच हजार. म्हणजे शेंकडा दोन रुपये दहा पैसे. बँकेची मुदत ठेव याहून बरेंच अधिक देते. याचा अर्थ असा, कीं जागेंतील लाभ मुख्यतः भाव चढण्यावर अवलंबून असतो, आणि तो चढेलच असें वचन कोणी देऊं शकत नाहीं. सिंहस्थ बारा वर्षांनीं येतो. २०१५ नंतरचा २०२७ चा. त्याच्या नांवानें ‘येथून रस्ता जाणार’ असें सांगणारे पुष्कळ भेटतात. मंजूर विकास आराखड्यांत तो रस्ता दिसला तरच मानावा.

शेवटीं एवढेंच, कीं आजारपणासाठीं व दोन वर्षांच्या घरखर्चासाठीं लागणारी रक्कम जागेंत घालूं नये, कारण अडचणीच्या दिवशीं जमीन विकली जात नाहीं. आणि निर्णय एकट्यानें घेऊं नये. आमच्या त्या शिक्षकांच्या पत्नीनें खरेदीच्या आदल्या दिवशीं विचारलें होतें, “सातबाऱ्यावर कोणाचें नांव आहे?” त्यांनीं तो प्रश्न हंसण्यावारी नेला. वकिलानें पुढें पहिला प्रश्न विचारला, तो हाच.